अंपायर चुकला, पण आपल्या बाजूने चुकला तर?

कोथिंबीरवडी

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. चिरंजीव दहावीत आहेत, हायस्कूलच्या जेव्ही (ज्युनियर व्हार्सिटी, म्हणजे दुसऱ्या फळीच्या) बेसबॉल टीमकडून राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला बाहेर, खेळतात. गेल्या मंगळवारी दुसऱ्या शाळेच्या मैदानावर मॅच होती. सातवी इनिंग (हायस्कूलला सातच असतात), आम्ही ५-४ ने पुढे, त्यांचे दोन आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. त्यांच्या बॅटरने राइट फील्डला खाली राहणारा जोरदार फटका मारला. आमचा पुढे धावत आला, सूर मारला, पालथा पडला आणि ग्लोव्ह वर केला. अंपायर एकच होता, प्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो आणि रनरने पोचलं की रन मिळते) मागे. साठीचे गृहस्थ. पाचसात पावलं पुढे आले, बघितलं, मूठ वर केली. आउट. मॅच संपली. पोरं अंगावर उड्या मारायला लागली.

समोरच्या टीमचा कोच अंपायरकडे गेला, मिनिटभर शांतपणे बोलला आणि परत फिरला. त्यांचे पालक मात्र शांत नव्हते. एक बाई तर कुंपणाची जाळी धरून अंपायर गाडीत बसेपर्यंत ओरडत होत्या.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये चिरंजीव ग्लोव्ह घेऊन बसलेले. जाळीत गवताचा झुपका अडकलेला, ओल्या मातीसकट. तो बोटाने एकेक काडी काढत होता. मी म्हटलं, मस्त कॅच रे. वर न बघता म्हणाला, "आई, टप्पा पडला होता."

म्हणजे त्याला तेव्हाच माहीत होतं. अंपायरने कॅच दिला नसता तर आम्ही हरलो असतो.

नवऱ्याचं मत: अंपायरिंग अंपायरने करायचं, पोराने खेळायचं, विषय संपला. माझं मत: तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तीन दिवस आमच्या घरी यावर जेवणं थंड होताहेत. तुम्हाला काय वाटतं? आणि आता काही करता येतं का?

सदाशिवपेठी

आमच्या वाड्यात एक टप्पा आउटच धरत. अंपायर वाड्यातला असावा.

बाकावरचा

सगळ्यात आधी पोराचं कौतुक करा. दोन आउट, सातवी इनिंग, आणि पुढे सूर मारतोय. चेंडू मागे गेला असता तर दोन्ही रनर चालत घरी आले असते. हिंमत लागते.

बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पट्टीचा_बोलर

धागाकर्तीच्या नवऱ्याला अनुमोदन.

बेसबॉलमध्ये कॅचर काय करतो ते बघा. बाहेर जाणारा चेंडू पकडता पकडता ग्लोव्ह हळूच आत आणतो, अंपायरला स्ट्राइक (बॅटरच्या मारण्याच्या कक्षेतला चेंडू) वाटावा म्हणून. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही, उलट 'फ्रेमिंग' असं गोंडस नाव देऊन कोच ते शिकवतात. मग आउटफिल्डरनेच हरिश्चंद्र का व्हायचं? त्याच सामन्यात समोरच्या कॅचरने दहा वेळा हेच केलं असेल. त्याची आई असा धागा काढणार आहे का?

चिंचबन

@पट्टीचा_बोलर, नाही पटलं. फ्रेमिंगमध्ये अंपायरला चेंडू डोळ्यांसमोर दिसत असतो. तो फसला तर त्याच्या कौशल्याचा प्रश्न. इथे दोनशे फुटांवर काय झालं ते फक्त एका माणसाला कळलंय.

पण वडीताई, एक सांगा. अंपायरने त्याला विचारलं होतं का? न विचारता गप्प राहणं वेगळं आणि विचारल्यावर "हो, पकडला" म्हणणं वेगळं. माझ्या लेखी सगळा फरक तिथे आहे.

कोथिंबीरवडी

नाही, विचारलं नाही. पण ग्लोव्ह वर केलाच ना त्याने. तेही बोलणंच झालं की.

तिसरा_बेस

अकरा वर्षं ओहायोत हायस्कूलच्या मॅचना अंपायरिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या गृहस्थांच्या जागी उभे राहा. जेव्हीला बहुतेक वेळा एकच माणूस देतात, कारण माणसंच नाहीत. दोघं असते तर एक आत, बेसजवळ असता. एकट्याने पिच बघायची, मग चेंडू कुठे गेला ते बघायचं, तिसऱ्यावरचा रनर प्लेटला पाय लावतोय का तेही बघायचं. त्यात फील्डर समोरून धावत येतोय. हा सगळ्यात वाईट कोन. चेंडू आणि गवत यांच्यातली फट बाजूने दिसते, समोरून दिसत नाही. समोरून फक्त चेंडू ग्लोव्हमध्ये शिरताना दिसतो. बऱ्याचदा आम्ही फील्डरच्या हालचालीवरून ठरवतो. तो लगेच उठून थ्रो करायला लागला तर समजायचं टप्पा पडलाय. ग्लोव्ह उंच धरून पडून राहिला तर कॅच. म्हणून ताईंचं म्हणणं अगदी चूक नाही, ग्लोव्ह वर करणं हे बोलणंच आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा हात तिथे आपोआप वर जातो हेही खरं.

आता नियम. हायस्कूलला एनएफएचएसचे (हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे) नियम चालतात. कॅच झाला की नाही, सेफ की आउट, बॉल की स्ट्राइक, हे सगळे अंपायरच्या नजरेचे निर्णय आणि ते अंतिम. निर्णय देणारा अंपायर हवं तर जोडीदाराला विचारू शकतो, पण जोडीदार न विचारता मध्ये पडू शकत नाही. इथे जोडीदारच नव्हता. आणि अंपायर मैदानातून बाहेर पडले की त्यांचा अधिकार संपतो. निकाल लागला तो लागला. मंगळवारचं प्रकरण बंद आहे.

एक दुरुस्ती. हरला असतात हे नक्की नाही. दोन आउट असल्यावर रनर बॅटला चेंडू लागताच पळतात, त्यामुळे तिसऱ्यावरचा नक्की घरी. दुसऱ्यावरचा बहुतेक. म्हणजे बरोबरी नक्की, हार बहुतेक. निर्णय फिरवायचा झाला असता तर कुणाला कुठे ठेवायचं हे त्या बिचाऱ्याला स्वतःच्या अंदाजाने ठरवावं लागलं असतं. नियम तो अधिकार देतो, पण एकदा मूठ वर गेली आणि सगळे थांबले की तो अंदाज बांधणं फार अवघड. म्हणून कॅचचा निर्णय फिरवायला आम्ही नाखूश असतो.

वऱ्हाडी_ठेचा

काय बाप्पा, आमच्या अमरावतीले शाळेत सॉफ्टबॉल खेळत होतो आम्ही. अंपायर म्हणजे पीटीचे सर. त्यांचा निर्णय चुकला असं म्हनायची कोनाची छाती? मॅच सोमवारी असते अन् सर मंगळवारी वर्गात असतात ना!

खमंग_काकडी

कोणी अजून विश्वनाथचं नाव कसं काढलं नाही?

फेब्रुवारी १९८०, वानखेडे, बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची टेस्ट. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेलेले. बॉब टेलरला अंपायरने कॉट बिहाइंड दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथला वाटलं की बॅट लागलीच नाही. त्याने अंपायरशी बोलून टेलरला परत बोलावलं. बाबा तेव्हा स्टेडियममध्ये होते. आजही सांगताना आवाज बदलतो त्यांचा.

पट्टीचा_बोलर

आणि पुढचं कोण सांगणार? टेलर आणि बोथमने १७१ ची भागी केली. बोथमने शतक मारलं, वर तेरा बळी घेतले. आपण दहा गड्यांनी हरलो. बाबांचा आवाज नक्की कशाने बदलतो ते एकदा विचारा. (हलके घ्या)

खमंग_काकडी

विचारलं. म्हणाले, "दोन्हीने."

सदाशिवपेठी

क्रिकेटवर आलोच आहोत तर २००८ च्या सिडनीचं आणि अंपायर बकनर काकांचं नाव काढू नका. माझं बीपी धाग्याच्या मालकीचं नाही.

भाकरतुकडा

बेसबॉलचाच किस्सा सांगते, तुमच्याकडची मुलं ऐकत वाढतात तो. २ जून २०१०, डेट्रॉइट. टायगर्सचा पिचर अर्मांडो गालारागा परफेक्ट गेमच्या उंबरठ्यावर. सव्वीस बॅटर आले, सव्वीस गेले, एकही बेसवर पोचला नाही. सत्ताविसाव्याने, म्हणजे शेवटच्याने, ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला. पहिल्या बेसमनने उचलून फेकला, गालारागाने स्वतः बेसवर जाऊन घेतला. रनर स्पष्ट आउट. पहिल्या बेसवरच्या जिम जॉयसने हात पसरले: सेफ!

गालारागाने काय केलं असेल? हसला. खरंच, नुसता हसला आणि परत पिच टाकायला गेला. अठ्ठाविसावा आउट काढून मॅच संपवली. जॉयसने रिप्ले बघितला आणि रडवेला होऊन चूक कबूल केली, गालारागाला भेटून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉयस प्लेटवर होता. टायगर्सचं लाइनअप कार्ड घेऊन त्याच्याकडे कोण गेलं, तर गालारागा. जॉयस डोळे पुसत होता. निर्णय मात्र कमिशनरने बदलला नाही. रेकॉर्डमध्ये तो आजही परफेक्ट गेम नाही.

मेजर लीगमध्ये मोठ्या प्रमाणावर रिप्ले २०१४ पासून आला. आणि २०२६ च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकलाही चॅलेंज आहे. पिचर, कॅचर किंवा बॅटरने डोक्याला हात लावायचा, मशीन सांगतं. टीमला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं.

उंटावरचा_शहाणा

मग हायस्कूललाही लावा की कॅमेरे. मॅचगणिक वीस पालक फोनवर शूट करत असतात.

तिसरा_बेस

@उंटावरचा_शहाणा, हायस्कूलच्या साध्या मॅचला अंपायर फोन बघून निर्णय बदलू शकत नाही. आणि खरं सांगू, ते फोन सगळे नेटच्या मागे असतात आणि प्रत्येकाचा रोख स्वतःच्या पोरावर. वडीताईंच्या व्हिडिओत गवत दिसतंय का?

कोथिंबीरवडी

दिसत नाही. माझ्या व्हिडिओत कॅचच्या क्षणी आभाळ आणि माझ्या किंकाळ्या आहेत.

पुरणपोळी_डायट

विषयांतर होईल, पण त्या कुंपणवाल्या बाईंबद्दल कोणीच बोललं नाही. मला त्याचंच जास्त वाटलं. निर्णय खरोखर चुकलेला होता, म्हणजे त्या बरोबर होत्या! आणि तरीही इथे वाचताना सगळ्यांची सहानुभूती अंपायरला.

तुमच्याच न्यू जर्सीत, डेप्टफर्डच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम काढला होता: अंपायरला शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकाने आधी तीन मॅचना स्वतः अंपायरिंग करायचं, मगच परत प्रेक्षक म्हणून यायचं. मला तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही हा नियम हवाय.

बाकावरचा

सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम तीन महिने. कोणी तोंड उघडणार नाही.

कोकणी_मेवा

ओरडणारे पालक आणि अंपायर न मिळणं हे एकाच दोरीचे दोन पदर. आमच्या इलिनॉयच्या शाळेत गेल्या वर्षी दोन जेव्ही मॅच अंपायर नाही म्हणून पुढे ढकलल्या. कोण येईल साठसत्तर डॉलरसाठी दोन तास थंडीत उभं राहून शिव्या खायला?

अति अवांतर: एप्रिलमध्ये त्या लोखंडी बाकांवर बसायला काय घेऊन जाता तुम्ही लोक? माझं पूर्ण शरीर गोठतं.

भाकरतुकडा

जुनी गोधडी. दुपदरी घडी करून. आणि थर्मासमध्ये सूप नको, गवती चहा घातलेला चहाच. पोळीचा रोल केला तर शेजारचे अमेरिकन पालक मागून खातात, जास्तीचे करा.

चिंचबन

धाग्याचा गोधडी-स्पेशल व्हायच्या आत परत येते. @तिसरा_बेस, पोराने त्या क्षणी येऊन "सर, टप्पा पडला" म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

तिसरा_बेस

प्रामाणिक उत्तर: गांगरलो असतो. खेळाडूच्या शब्दावर निर्णय फिरवायचा असा नियम नाही, अंपायरने स्वतः बघितलेल्यावर जायचं. पण खात्री नसेल आणि स्वतःच्या टीमचं नुकसान करून पोरगा सांगतोय, तर मी ते कान बंद करून ऐकलं नसतं. अकरा वर्षांत एकदाच झालंय. एका सेकंड बेसच्या मुलीने, सॉफ्टबॉल होता तो, येऊन सांगितलं की माझा टॅग (रनरला चेंडू लावणं) लागला नाही. मी तिच्या कोचकडे बघितलं, तो टोपीशी खेळत होता. मी रनरला सेफ दिलं. घरी येईपर्यंत ठरत नव्हतं, बरोबर केलं की चूक.

आता उलट बाजू, म्हणजे निर्णय आपल्या विरोधात गेल्यावर काय करावं. पालकांनी काहीच नाही. खेळाडूने काहीच नाही. कोचने टाइम मागून, चालत येऊन, हात खिशात ठेवून, प्रश्न विचारावा. "तुम्ही चुकलात" नाही, "तुम्हाला काय दिसलं?" असं. दुसरा अंपायर असेल तर "त्यांना एकदा विचाराल का?" एवढंच.

पण नियमच चुकीचा लावला असेल तर मात्र गप्प बसू नये. उदाहरण: पहिल्या बेसवर रनर, एक आउट. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटतो. बॅटर पळतो, कॅचर घाबरून फेकतो, चेंडू राइट फील्डला, सगळीकडे पळापळ. मुळात पहिला बेस भरलेला आणि दोनपेक्षा कमी आउट, म्हणजे बॅटर आउटच! पळायचा हक्कच नाही त्याला. माझ्या जोडीदाराच्या हातून हे निसटलं होतं. कोच येऊन हळूच म्हणाला, "पिच पडली तेव्हा पहिल्यावर कोण होतं?" जोडीदाराने डोक्याला हात लावला, बॅटरला परत पाठवलं. हे पुढची पिच पडायच्या आत विचारावं लागतं. रीतसर तक्रार नोंदवता येते का, ते राज्याराज्यावर आहे, बऱ्याच ठिकाणी ती सोयच नाही. म्हणून तो हळू आवाजातला प्रश्न हेच खरं हत्यार. आरडाओरडा करून मैदानाबाहेर काढलं गेलं तर बहुतेक राज्यांत पुढची मॅचही जाते.

नॅशुआचा_नातू

मी इथे वाचतच असतो, लिहित नाही. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या, आजीकडून शिकलोय.

तुम्ही सगळे पालक बोलताय. मी हायस्कूलला चार वर्ष कॅचर होतो. आता २७ चा आहे. असं धरा की त्याने सांगितलं. अंपायरने बदललं. टीम हरली. मग बसमध्ये तो कोणाशेजारी बसणार? परतीचा प्रवास एक तासाचा असतो. त्याचं उत्तर कोणाकडे नाहीये.

मी एकदा सांगितलं नाही. प्लेटवर टॅग केला तेव्हा चेंडू माझ्या दुसऱ्या हातात होता, रिकामा ग्लोव्ह लावला. आउट दिलं. दहा वर्ष झाली, त्या मुलाचा चेहरा आठवतो, जर्सीचा नंबर पण. पण परत तसं झालं तर मी १६ व्या वर्षी सांगेन का? नाही वाटत. तुमच्या मुलाने आईला सांगितलं. मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

पट्टीचा_बोलर

@नॅशुआचा_नातू, मराठी झकास आहे. आणि माझी पहिली पोस्ट थोडी मागे घेतो. थोडीच.

वऱ्हाडी_ठेचा

आजीले नमस्कार सांगजा रे पोरा.

कोथिंबीरवडी

आठवड्याने येतेय, सगळ्यांचे आभार. नातू, तुमची पोस्ट मी त्याला वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

अपडेट असा. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर त्याने स्वतःहून कोचला सांगितलं. कोच चेंडूंची पिशवी भरत होते, भरत भरतच म्हणाले की डगआउटमधून मला तसंच वाटलं होतं. मग त्यांनी समोरच्या कोचला फोन केला. तो हसला म्हणे. म्हणाला, आमच्या पिचरने तिसऱ्या इनिंगमध्ये धडधडीत बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) केला होता, तोही त्या अंपायरला दिसला नाही, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, आता मीही बोलत नाही.

शनिवारी घरच्या मैदानावर मॅच, आणि अंपायर तेच! चिरंजीवांनी ठरवलं होतं की दोन इनिंगच्या मध्ये जाऊन त्यांना सांगायचं. मीच भरीला घातलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच इनिंगमध्ये बॅटिंगला गेला, दोन स्ट्राइक झाले आणि तिसरा चेंडू त्याने सोडला. अंपायरने तिसरा स्ट्राइक दिला, म्हणजे आउट. तणतणत परत आला. गुडघ्याच्या खाली होता म्हणे, हातभर खाली. मग दिवसभर त्यांच्याकडे बघितलंही नाही. सांगायचं राहिलंच.

मॅच आम्ही ९-१ ने हरलो.

बाकावरचा

खरंच गुडघ्याखाली होता का?

कोथिंबीरवडी

मी बरोबर प्लेटच्या मागे बसले होते, गोधडीवर. स्ट्राइक होता.